संत्रीचं वय

या दिवाळी अंकात दरवर्षी निवृत्त मंडळी आपल्या नोकरीबद्दल लिहितात. गेल्या दिवाळीत एका स्टेशनमास्तरांनी लिहिलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी एका परिचारिकेनं. दोन्ही लेख मी आईला मोठ्यानं वाचून दाखवले होते. माझी अडचण अशी की मी अजून शिकतेच आहे, आणि जी नोकरी करते ती प्रकल्प संपला की संपणार. पण संपादक काका आमच्या मौद्याचे. ते बाबांना रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "तुमची पोट्टी नागपूरले ताऱ्यायचं काय करते ते गावात कोणालेच समजत नाई. तिले म्हना, लिहून दे." बाबांनी माझ्या वतीनं हो म्हणून टाकलं. मला न विचारता त्यांनी आजवर केलेली ही एकच गोष्ट, म्हणून मोडवत नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

माझ्याबद्दल घरी आणि गल्लीत असा समज आहे की मी रात्रभर गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून बसते. आईनं पहिल्याच थंडीत त्यासाठी कानटोपी विणून दिली. खरं म्हणजे मी सकाळी विद्यापीठातल्या आमच्या भौतिकशास्त्र विभागात जाते आणि दिवे लागायच्या आत होस्टेलवर परत येते. आमच्या विभागात ताऱ्यांसाठी मोठी दुर्बीणच नाही. लांबच्या डोंगरांवरच्या दुर्बिणी ताऱ्याचा प्रकाश पकडतात, रंगांच्या पट्ट्यासारखा पसरवतात, आणि त्याची नोंद फाइल होऊन आमच्याकडे येते. माझ्या वाट्याला एक संगणक, एक खुर्ची आणि उन्हाळ्यात एक कूलर. कूलरचा आवाज एवढा की सर काही समजावू लागले की तो बंद करावा लागतो, आणि तो बंद झाला की सरांनी लवकर आटपावं असं सगळ्यांनाच वाटू लागतं.

फाइलमध्ये काय असतं ते सांगते. पसरलेल्या प्रकाशात मधूनमधून बारीक काळ्या रेघा असतात. ताऱ्याच्या वरच्या थरात जे द्रव्य असेल ते ठरलेल्या जागचा प्रकाश गिळतं. लोखंडाच्या जागा ठरलेल्या, बेरियमच्या ठरलेल्या. रेघ किती खोल गेली त्यावरून ते द्रव्य किती आहे हे काढायचं. मी दिवसभर रेघांची खोली मोजते. एवढंच काम आहे.

आम्ही मोजतो ते तारे फार जुने. विश्वात आधी हायड्रोजन आणि हेलियमच काय ते होते. लोखंड वगैरे पुढे ताऱ्यांच्या पोटात तयार झालं. म्हणून ज्या ताऱ्यात लोखंड अगदीच थोडं, तो फार आधी जन्मलेला. पण अशा ताऱ्यांतही काही विचित्र निघतात. त्यांच्यात लोखंड नावापुरतं असतं आणि युरोपियम, थोरियम, सोनं अशी जड द्रव्यं मात्र त्या मानानं भरपूर. त्यांच्या जन्माआधी जवळपास कुठेतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले असावेत आणि त्यातून उडालेलं द्रव्य यांच्या वाट्याला आलं असावं, असा अंदाज आहे.

विज्ञान प्रदर्शनात मी हे सांगत होते तेव्हा इतवारी बाजारातले एक सराफ फार लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बेटा, सोनं हाय म्हनते तं किती कॅरेट?"

मी म्हटलं, "काका, ते तुकड्यात नाही. बाकीच्या वायूत मिसळलेलं आहे. वाफेसारखं."

"म्हंजे आटवाचा खर्च वाचला," असं म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे बटाट्यावर बल्ब लावला होता.

माझ्या कामातला खरा प्रसंग मात्र एका वेगळ्याच ताऱ्याचा आहे.

हे काम मला वैशाली ताईनं शिकवलं. ताई काटोलची, घरी संत्र्याची बाग. पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मी एमएस्सी करता करता प्रकल्पात नवीन लागलेली. पहिल्या दिवशी सरांनी मला तिच्या शेजारी बसवलं. मी घाबरून खुर्चीच्या टोकावर बसले होते. ताई पडद्याकडे पाहतच म्हणाली, "जेवली का वं?" मी मान हलवली. "खोटं नको बोलू. पयले जेव. उपाशी मानूस रेघ खोल मोजते." तिनं डबा पुढे सरकवला. पुढे माझ्या लक्षात आलं की काही अवघड सांगायचं असलं की ताई आधी जेवणाचं विचारते.

आमच्यात ताऱ्यांची नावं म्हणजे लांबलचक आकडे. तोंडी लक्षात राहत नाहीत, म्हणून जो तारा ज्यानं पहिल्यांदा हाती घेतला त्यानं त्याला घरचं नाव द्यायचं. ताईच्या पहिल्या ताऱ्याचं नाव होतं संत्री. तो थोराड, फुगलेला, नारिंगी रंगाचा तारा होता आणि ताई काटोलची, म्हणून. संत्रीवर ताईच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण उभं होतं, कारण ताईनं तिच्यात थोरियम मोजलं होतं आणि त्यावरून तिचं वय काढलं होतं.

थोरियमवरून वय कसं काढतात ते मी आईला असं सांगितलं. आई देवघरातल्या कापराच्या डबीत चार लवंगा टाकून ठेवते. कापूर हळूहळू उडतो, लवंगा तशाच राहतात. डबी भरताना कापूर आणि लवंगा कोणत्या प्रमाणात घेतात हे ठाऊक असेल, तर आज उरलेला कापूर पाहून डबी केव्हाची ते सांगता येईल. ताऱ्यातलं थोरियम म्हणजे कापूर. ते फार सावकाश, कोट्यवधी वर्षांत, कमी होत जातं. युरोपियम म्हणजे लवंगा. आई म्हणाली, "मंग त्या ताऱ्याची डबी कोनं भरली?" मी म्हटलं, ते अजून शोधणं चालू आहे.

संत्रीचं वय मोठ्या अक्षरात लिहिलेलं ताईचं पोस्टर आमच्या विभागाच्या बोळीत लावलेलं होतं. येताजाता मी ते वाचत असे. विभागात कुणी पाहुणे आले की सर त्यांना आधी तिथे उभं करत. आणि पुढच्याच महिन्यात ताई एका मोठ्या परिषदेत संत्रीवर बोलणार होती. परिषदेत बोलायचं बोलावणं आलेली आमच्या विभागातली ती पहिलीच विद्यार्थिनी.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. कुठलाही आकडा बाहेर जाण्याआधी सर तो दुसऱ्या हातानं मोजून घेतात. ज्याला मोजायला देतात त्याला तारा कुठला ते सांगत नाहीत. फाइलवर फक्त क, ख, ग. पहिल्याचा आकडा माहीत असला की दुसऱ्याचा हात नकळत तिकडे वळतो, म्हणून ही काळजी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आपला आकडा सरांकडे द्यायचा. दिला की बदलता येत नाही. शनिवारी दुपारच्या बैठकीत सगळ्यांसमोर दोन्ही आकडे उघडतात.

त्या वेळी माझ्याकडे 'ग' आली.

मी ताईनं शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. आधी कार्बन, मग बाकी सगळं. कार्बनचे पट्टे मोजायला घेतले आणि मला ते ओळखीचे वाटले. रोज ज्या पोस्टरखालून जाते त्यावरच्या आलेखाला हेच वळण होतं. 'ग' म्हणजे संत्री. मला ते ओळखायचं नव्हतं, पण आपल्या गल्लीतलं माणूस पाठमोरंही ओळखू येतं, तसं झालं.

मग जांभळ्या टोकाकडच्या थोरियमच्या रेघेशी आले. आकडा निघाला तो इतका लहान की थोरियम आहे म्हणावं की नाही, कळेना. पोस्टरवरच्या ताईच्या आकड्याशी त्याचा काही मेळ नव्हता. मी पुन्हा केलं. तेच. सगळं पुसून पहिल्यापासून केलं. तेच.

मला वाटलं, माझंच चुकत असणार. ताई इतकी वर्षं हे करते आहे आणि माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. रेघ मोजताना आधी वरची पातळी ठरवावी लागते, म्हणजे काही गिळलं गेलं नसतं तर प्रकाश किती असता ती. जांभळ्या टोकाला रेघांची इतकी गर्दी असते की ती पातळी अंदाजानंच धरायची. मी ती केसभर वर उचलून पाहिली. रेघ खोल झाली आणि आकडा ताईच्या जवळ आला. अजून जरा उचलली, आणखी जवळ आला. कुणीही मला चूक म्हणालं नसतं. मी ती पुन्हा खाली आणली, संगणक बंद केला आणि बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

आठवड्याच्या मध्येच एक सुटी आली आणि मी बस पकडून मौद्याला गेले.

बाबा वेल्डर आहेत. ठेकेदारांकडे काम करतात, बॉयलरच्या नळ्या जोडतात. वीजकेंद्रं, कारखाने, जिथं काम निघेल तिथं जातात. त्यांच्या डब्यात टंगस्टनच्या बारीक कांड्या असतात, लाल टोकाच्या. मी कॉलेजात गेल्यावर मला कळलं की त्या लाल टोकाच्या जुन्या कांड्यांत थोरियम असतं. ते मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "मंग घरच्या डब्यात पाहाचं होतं ना. एवढ्या दूर काहून गेली?"

त्या दिवशी ते अंगणात बसून हातमोजा शिवत होते. मी ताईचं नाव न घेता विचारलं, "बाबा, तुमचा जॉइंट कधी फेल झाला का?"

"न झालेला वेल्डर कोनं पाह्यला?" बाबा हसले. "जॉइंटचा एक्स-रे काढते. आतमंदी पोकळ दिसलं का कापा अन् नव्यानं करा. त्याले रिपेअर म्हनते."

"मग वाईट वाटत असेल."

बाबांनी सुई थांबवली. "बाहेरगावच्या एका कामावर दोन साहेब होते एक्स-रे पाहाले. एक जन गेटवरच्या फळ्यावर लाल खडूनं लिहे. अमक्याचा जॉइंट फेल. सकायी कामावर जाता जाता समदी दुनिया वाचे. दुसरा होता तो म्हातारा. तो फिल्म घेऊन परातीवर, मी काम करो त्या उंच माचीवर, चढून यायचा. उजेडाले धरे अन् म्हने, हे पाय भाऊ, इथं राह्यलं. दोघायनंबी माहा जॉइंट कापाले लावला. कापाचा तं होताच. पन फळ्यावर वाचून गेलो तं दिवसभर माहा हात थरथरला. म्हाताऱ्याच्या वेळेस नाई थरथरला."

"आणि त्या म्हाताऱ्याचंच चुकलं असतं तर?"

"तं मी दाखवलं असतं ना त्याले, तिथंच. समोर होता ना तो." त्यांनी दोरा दातानं तोडला. "काहून वं? कोनाचा जॉइंट फेल झाला?"

मी म्हटलं, "अजून ठरलं नाही."

 

शुक्रवारी मी माझा आकडा जसा निघाला तसा सरांकडे दिला. आता तो बदलता येणार नव्हता आणि ताईचा तर केव्हाच दिलेला होता. म्हणजे आता बोलण्यानं पद्धत मोडत नव्हती. शनिवारी सकाळी मी लवकर गेले. ताई आधीच येऊन बसली होती, परिषदेची चित्रं तयार करत. कूलर चालू होता. मी तो बंद केला.

"काहून बंद केला वं? मरतो ना गरमीनं."

"ताई, तू जेवली का?"

ती वळली. सकाळचे किती वाजलेत ते तिनं भिंतीवर पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "बोल."

मी सांगितलं. 'ग' मी ओळखली ते सांगितलं, माझा आकडा सांगितला. वरची पातळी उचलून पाहिली होती तेही सांगितलं. ताईनं परिषदेचं चित्र बाजूला सारलं. मग म्हणाली, "तूच चुकली असशीन."

"हो ताई. तेच बघायला आले. बैठकीच्या आधी."

"आन फाइल."

आम्ही दोघींनी दोन पडदे शेजारी लावले. ताईनं आधी माझी वरची पातळी तपासली, बोट लावून, इंच इंच. ती ठीक होती. मग माझा कार्बन तपासू लागली. साध्या कार्बनसोबत ताऱ्यात थोडा जड कार्बनही असतो. त्याची एक बारीक रेघ नेमकी थोरियमच्या रेघेच्या अंगावर येऊन बसते. मी तो जड कार्बन जेवढा निघाला तेवढा घेतला होता, आणि तो बराच निघाला होता. ताई एकदम थांबली.

"हे तुले कोनं शिकवलं? जड कार्बन मोकळा सोडाचा?"

"तूच."

ती हसली नाही. तिनं तिची संत्रीची जुनी फाइल उघडली. तिथे जड कार्बन मोकळा सोडलेला नव्हता. रेघांच्या तयार यादीतून आला होता तसाच, अगदी थोडा, ठरलेला. संत्री तिचा पहिला तारा. तेव्हा तिला हे माहीत नव्हतं. नंतरच्या ताऱ्यांवर ती शिकली, मला शिकवलं, आणि संत्रीकडे मात्र परत पाहायला गेली नाही. तिनं थोरियम म्हणून जे मोजलं होतं त्यातला बराचसा कार्बन होता.

"पोस्टर छापलं मी," ताई हळूच म्हणाली. "आईनं त्याचा फोटो फ्रेम केला काटोलले."

मी माझा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. तिनं एक घास खाल्ला, मग ती उठली, तोंडावर पाणी मारून आली आणि आकडा पुन्हा काढायला बसली. दोनदा मला म्हणाली, "कूलर लाव ना वं," आणि दोनदा मी उठायच्या आत म्हणाली, "राहू दे, थांब."

दुपारी बैठकीत सरांनी आकडे उघडायच्या आधीच ताई उभी राहिली. म्हणाली, "सर, 'ग' म्हणजे संत्री. मोनालीचा आकडा माझ्याशी जुळत नाही. तिचा बरोबर आहे. माझा का चुकला ते मी दाखवते." आणि तिनं स्वतः फळ्यावर ते काढून दाखवलं, जड कार्बनच्या रेघेसकट. ताईचा हात थरथरत होता का, हे मी पाहत होते. खडू सरळ चालला होता.

सर उठून फळ्यापाशी गेले. मग म्हणाले, "मीही ही यादी तपासली नव्हती. परिषदेला कळवू का, की पुढच्या वेळी बोलू?"

"नाही सर. मी बोलते. हेच बोलते."

ताई परिषदेला गेली. शीर्षक बदललं. संत्रीचं वय सांगण्याऐवजी तिनं अशा ताऱ्यात थोरियम मोजताना कार्बन कसा फसवतो ते सांगितलं. परत आल्यावर मी विचारलं, लोक काय म्हणाले. "टाळ्या कमी पडल्या," ताई म्हणाली, "पन चहाच्या वेळी तिघं-चौघं लॅपटॉप घेऊन आले अन् आपापले तारे दाखवून राहिले होते. घाबरून." प्रबंधाचं प्रकरण तिला नव्यानं लिहावं लागलं आणि त्यात जवळपास एक वर्ष गेलं. ते वर्ष तिला कुणी परत दिलं नाही. घरून लग्नासाठी फोन येत, ते ती बाहेर जाऊन घेत असे. ते आठवलं की मला अजूनही वाटतं, मी तो आकडा दोन वर्षं आधी काढला असता तर बरं झालं असतं. पण तेव्हा मी बीएस्सीच्या पुस्तकांतून वर आलेच नव्हते.

मौद्याला गेले तेव्हा मी बाबांना संत्रीची हकीगत सांगितली. त्यांनी विचारलं, "मंग संत्रीचं वय किती निघालं?"

"नाही निघालं बाबा. ढोबळ मानानं एवढंच म्हणता येतं की ती फार लहान नाही."

"म्हंजे म्हातारी हाय एवढं पक्कं."

"एवढं पक्कं."

"मंग तसं लिहा," बाबा म्हणाले. ताईनं तसंच लिहिलं होतं, पण बाबांना हे सांगितलं नाही.

पोस्टर अजून बोळीत आहे. सर काढू देत नाहीत. संत्रीच्या वयावर ताईनं पांढरी पट्टी चिकटवली आहे, आणि पाहुणे आले की सर अजूनही त्यांना आधी तिथेच उभं करतात, पट्टीखाली काय होतं ते सांगतात.

ताईला आता दक्षिणेत नोकरी मिळाली आहे. तिची खुर्ची मला मिळाली. या वर्षी माझा स्वतःचा पहिला तारा झाला. त्याचं घरचं नाव मी ठेवलं आहे, इथे सांगत नाही. त्याच्यात मला युरोपियम भरपूर मिळालं, थोरियमही मिळालं असं वाटलं. त्याच्या पट्ट्याचा फोटो मी हौसेनं ताईलाही पाठवला होता, 'थोरियम!' एवढंच लिहून. पोस्टरचा मजकूर मी मनात तयार केला होता, खोटं कशाला बोलू. सरांनी दुसऱ्या हातासाठी फाइल ताईला पाठवली, नाव न सांगता. आम्ही दोघींनी शुक्रवारी आपापले आकडे दिले.

शनिवारी सकाळी, बैठकीच्या आधी, फोन वाजला. ताई होती.

"मोना," ती म्हणाली, "जेवली का वं?"

मी कूलर बंद केला, खुर्ची पुढे ओढली आणि फाइल उघडली.

"सांग ताई," मी म्हटलं.